कोलंबियातील पहिले सत्र

गेल्या वर्षी जूनमध्ये मी या कॉलेजच्या फाटकातून आत आले तेव्हा माझ्या पिशवीत कागदांचा गठ्ठा होता. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि त्या साऱ्यांच्या साक्षांकित प्रती. ते गोळा करण्यात एवढा जीव मेटाकुटीला आला होता की, प्रवेश मिळाला म्हणजे सारे काही मिळाले असेच मला वाटले. पुढे काय करायचे असते, हे घरी विचारण्यासारखे कोणी नव्हते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. दादाने नववीत शाळा सोडली आणि तो लोकांच्या ट्रॅक्टरवर जाऊ लागला, म्हणून मला इथवर येता आले. आणि मी काय केले? पहिले तीन-चार महिने अक्षरशः वाया घालवले. तासाला बसायचे पण ऐकायचे नाही, दुपारी बाजारपेठेतून हिंडायचे, रात्री वसतिगृहात गप्पा मारीत जागायचे. परीक्षेचे गुण फलकावर लागले तेव्हा त्या फलकासमोरून मी खाली मान घालून निघून गेले.

त्याच दिवसांत ग्रंथालयात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्राचा एक जाड खंड हाती आला. बाबासाहेब मला नवे होते असे नाही. आमच्या वस्तीत घरोघरी त्यांची तसबीर आहे. पण तसबिरीतले बाबासाहेब नेहमी कोट घातलेले, डोळ्यांवर चष्मा, हाती ग्रंथ, सगळ्या परीक्षा केव्हाच मागे टाकलेले. बावीस वर्षांचा, परक्या शहरात नुकताच उतरलेला, कोणते जेवण आपल्याला चालेल याचा शोध घेत फिरणारा विद्यार्थी भीमराव मला त्या खंडातच प्रथम भेटला. महाडचा सत्याग्रह, घटना समिती, धर्मांतर यांवर वार्षिकांतून पुष्कळ लिहिले जाते. मला फक्त त्या विद्यार्थ्याविषयी लिहायचे आहे.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते. साताऱ्याच्या शाळेत इतर मुलांपासून दूर, घरून आणलेल्या गोणपाटावर बसून शिकल्याची हकिकत आपण सर्वांनी ऐकलेली आहे. पुढे हे कुटुंब मुंबईस आले आणि परळच्या चाळीत एका खोलीत राहू लागले. त्या खोलीत अभ्यासाला जागा कशी मिळणार? तोडगा असा निघाला की भीमरावाने संध्याकाळीच झोपायचे, सुभेदारांनी जागत बसायचे आणि रात्री दोनच्या सुमारास मुलाला उठवायचे. मग कंदिलाच्या उजेडात पहाटेपर्यंत अभ्यास. मुलाला पुस्तक हवे झाले की सुभेदार लेकीकडे जात, तिचा एखादा दागिना मागून घेत आणि तो गहाण टाकून पुस्तक आणीत. संस्कृत शिकायची मुलाची इच्छा होती. पण अस्पृश्याला संस्कृत शिकवायला शिक्षक तयार झाले नाहीत, म्हणून फारसी घ्यावी लागली.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. गुण ७५० पैकी २८२. हा आकडा वाचून मी पान उलटायची थांबले. आजच्या हिशेबाने हे चाळीस टक्केसुद्धा होत नाहीत! अर्थात त्या काळी मॅट्रिक ही मोठीच चाळणी होती आणि त्या समाजातून तिच्यातून पार पडणारा मुलगा म्हणजे अपूर्वाई होती. म्हणून तर वस्तीत सत्काराची सभा भरली. त्या सभेला कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजी आले होते. बागेत वाचत बसणाऱ्या या मुलाला ते आधीपासून ओळखत. त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. पुढे एल्फिन्स्टन कॉलेजात सुभेदारांचा पैसा पुरेनासा झाला, तेव्हा भीमरावांना बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्यापुढे उभे करणारेही केळुसकर गुरुजीच. महाराजांनी काही प्रश्न विचारले, उत्तरांनी त्यांचे समाधान झाले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. त्या बळावर भीमराव १९१२ साली बी. ए. झाले.

बी. ए. झाल्यावर वडिलांची फारशी इच्छा नसताना ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. थोडेच दिवस झाले असतील, वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. भीमराव तसेच निघाले. वाटेत सुरत स्टेशनवर वडिलांसाठी मिठाई घ्यायला खाली उतरले आणि गाडी चुकली. दुसऱ्या दिवशी घरी पोहोचले तेव्हा सुभेदारांच्या जिवाची नुसती वाट पाहणेच चालले होते. २ फेब्रुवारी १९१३ रोजी ते गेले. रात्री दोन वाजता उठवणारा माणूस गेला. अमेरिकेला जायची संधी आली ती त्यानंतर अवघ्या चार महिन्यांनी. मुलगा बोटीवर चढलेला त्यांना पाहता आला नाही, याची मला राहून राहून हळहळ वाटते.

ती संधी अशी आली. सयाजीराव महाराज त्या वर्षी काही विद्यार्थ्यांना संस्थानच्या खर्चाने उच्च शिक्षणासाठी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठविणार होते. भीमराव महाराजांना भेटले, त्यांनी अर्ज केला आणि त्यांची निवड झाली. शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची, मुदत तीन वर्षांची. ४ जून १९१३ रोजी बडोद्यात करारनाम्यावर सही झाली. ठरलेल्या विषयांचाच अभ्यास करायचा आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची, अशी त्यातली बोली होती. शिष्यवृत्तीच्या अर्जावर सही करताना खालचा बारीक मजकूर मी कधी वाचलेला नाही. भीमरावांनी तो नीट वाचला असला पाहिजे, कारण पुढे त्यांच्या पुष्कळ निर्णयांत तो आडवा आलेला दिसतो.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात ते न्यूयॉर्कला उतरले. कोलंबिया ही १७५४ साली स्थापन झालेली जुनी शिक्षणसंस्था. भीमराव गेले तेव्हा ती शहराच्या उत्तर भागातल्या नव्या जागेत येऊन पंधरा-सोळा वर्षे झाली होती आणि अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या विद्यापीठांत तिची गणना होत होती. परळच्या एका खोलीतून आलेल्या मुलाला पहिल्यांदा मुक्काम मिळाला तो हार्टले हॉल या वसतिगृहात. तिथे तो जेमतेम आठवडाभर टिकला. जेवण मानवेना, मांस अर्धकच्चे, त्यात गोमांसही असे. मग वेस्ट ११४ व्या रस्त्यावर कॉस्मोपॉलिटन क्लब होता, तिथे काही हिंदी विद्यार्थी राहत, तिकडे बिऱ्हाड हलवले. अखेर लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात नवल भथेना नावाच्या पारशी विद्यार्थ्याबरोबर खोली मिळाली आणि तिथे ते स्थिरावले. हा नवल पुढे जन्मभराचा मित्र झाला.

माझ्या मते या तीन मुक्कामांपेक्षाही महत्त्वाची गोष्ट दुसरीच आहे. न्यूयॉर्कमध्ये कोणीही भीमरावांना जात विचारली नाही. एका टेबलाशी सगळ्यांच्या बरोबर जेवायचे, वाटेल त्या बाकावर बसायचे, नळाचे पाणी स्वतःच्या हाताने प्यायचे. शाळेत शिपाई आला तर पाणी, नाही तर तहान, हे ज्याने सोसले होते, त्याला ही मोकळीक म्हणजे काय वाटली असेल! अमेरिकेत सारे आलबेल होते असे मुळीच नाही. काळ्या माणसांना त्या देशात काय भोगावे लागत होते हे जगाला ठाऊक आहे, आणि विद्यापीठापासून थोड्याच अंतरावर हार्लेमची वस्ती होती. पण विद्यापीठाच्या आवारात भीमरावांच्या वाट्याला आली ती मोकळीकच.

आणि त्या मोकळिकीत पहिले काही महिने हा विद्यार्थी वाहवला. चरित्रकारांनी हे लपवलेले नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. मित्रांबरोबर शहर पाहणे, खेळणे, नाटकांना जाणे, गप्पा यांत दिवस जात होते आणि अभ्यासाला म्हणावी तशी बैठक बसली नव्हती. मग एका रात्री झोप येईना. घरची माणसे कशी दिवस काढीत असतील, महाराजांनी कोणत्या भरवशावर पैसा दिला, आपण इथे कशासाठी आलो, हे विचार डोक्यात सुरू झाले. त्या रात्री त्यांनी स्वतःशी काही ठरवले. पुढे त्यांच्या हातून जे झाले, त्यावरून काय ठरवले असेल ते कळते.

हे वाचून मला सुटल्यासारखे वाटले, हे कबूल करते. पण लगेच एक शंकाही आली. आपल्यासारखी मुले असल्या गोष्टी वाचून फार लवकर खूश होतात. बाबासाहेबांचेही पहिले सत्र वाया गेले होते, मग आपले गेले तर काय बिघडले, असे म्हणायला सोपे जाते. त्या रात्रीनंतर काय झाले ते मात्र आपण वाचायचे टाळतो. म्हणून तेच जरा तपशिलाने सांगते.

कोलंबियाची शिकवण्याची पद्धत आपल्याकडच्यासारखी नव्हती. नेमलेली चार पुस्तके आणि वर्षअखेरची परीक्षा, असा तिथे खाक्या नव्हता. मोठमोठे प्राध्यापक आपापल्या संशोधनाच्या विषयांवर व्याख्यानमाला देत आणि पदव्युत्तर विद्यार्थ्याने आपल्या मुख्य विषयाच्या जोडीला त्यांतून निवड करायची. नव्या विद्यार्थ्याचा इथेच गोंधळ उडतो. कमीत कमी किती घेतले म्हणजे भागेल, हा हिशेब आधी सुचतो. भीमरावांनी उलटा हिशेब केला. तीन वर्षांत किती घेता येईल तेवढे घ्यायचे! अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि शिवाय प्राथमिक फ्रेंच व जर्मन. मी वहीत बेरीज केली, ती ६० भरली. पदवीसाठी एवढ्यांची गरज नव्हती. पण तीन वर्षांनी हे दार बंद होणार आणि मग दहा वर्षे बडोद्याची नोकरी, हे त्यांना ठाऊक होते.

शिक्षकही कसे लाभले पाहा. अर्थशास्त्राला एडविन सेलिग्मन. करपद्धती आणि सार्वजनिक आयव्यय या विषयांत त्यांचा अधिकार जगभर मानला जाई. तत्त्वज्ञानाला जॉन ड्यूई. लोकशाही ही केवळ राज्य चालवण्याची रीत नव्हे, तर माणसांनी एकत्र जगण्याची रीत आहे, हा त्यांच्या शिकवणुकीचा गाभा. बाबासाहेबांचे पुढचे कोणतेही लिखाण उघडा, हा धागा हाती लागतो. इतिहासाला जेम्स शॉटवेल आणि जेम्स हार्वे रॉबिन्सन, मानववंशशास्त्राला अलेक्झांडर गोल्डनवायझर. आपल्या देशात ज्याला संस्कृतच्या वर्गात बसू दिले नाही, त्याच्यापुढे या मंडळींनी आपले ज्ञान खुले केले.

पैशाची ओढ फार होती. साडेअकरा पौंडांत न्यूयॉर्कसारख्या शहरात राहायचे आणि त्यातूनच घरी पाठवायचे. मग जेवणात काटकसर. पुष्कळदा कॉफी, दोन मफिन आणि थोडे मांस किंवा मासे एवढ्यावर दिवस निघे. एका बाबतीत मात्र हात आखडता घेतला नाही. जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून हिंडून त्यांनी तीन वर्षांत सुमारे दोन हजार ग्रंथ जमवले. निघताना ते एका मित्राच्या स्वाधीन केले आणि त्यांतले बरेचसे भारतात कधी पोहोचलेच नाहीत.

इथे मला परळच्या खोलीकडे वळल्याशिवाय राहवत नाही. रमाबाई त्या खोलीत होत्या. पदरी तान्हा यशवंत, सासऱ्यांचे छत्र नुकतेच हरपलेले, पती सातासमुद्रापार. न्यूयॉर्कहून पैसे आले तर आले. चरित्रग्रंथांत या तीन वर्षांच्या हकिकतीत कोलंबियाला पाने मिळतात आणि रमाबाईंना ओळी. वसतिगृहातल्या एकाचा अभ्यास चालावा म्हणून घरातल्या दुसऱ्याने काय काय सोडून दिले, ते गुणपत्रिकेवर कुठे छापलेले नसते. आमच्या दादाला मी हे बोलून दाखवले तर तो हसून विषय बदलेल. त्याच काळात भीमरावांनी वडिलांच्या एका स्नेह्याला पत्र लिहिले होते. मुलांबरोबर मुलींनाही शिकवले तर आपल्या समाजाची प्रगती किती झपाट्याने होईल, असा त्या पत्राचा आशय होता. आमच्या वर्गातल्या मुलींनी हे ध्यानात ठेवावे की तो लिहिणारा अजून पुढारी झालेला नव्हता. तो आपल्यासारखाच एक विद्यार्थी होता.

त्या सुमारास लाला लजपतराय न्यूयॉर्कला होते. स्वातंत्र्याच्या चळवळीसाठी ते तिथल्या हिंदी विद्यार्थ्यांना जवळ करीत, भीमरावांनाही त्यांनी गळ घातली. भीमरावांनी नम्रपणे नकार दिला. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर आलो आहोत, तेव्हा आधी अभ्यास पुरा करायचा, अशी त्यांची भूमिका होती. हा नकार काहींना रुचत नाही. मला त्यात करारनाम्यावरची ती सही दिसते.

१९१५ साली एम. ए. ची पदवी मिळाली. त्यानंतरचा दिवस मात्र थांबून पाहण्यासारखा आहे. ९ मे १९१६. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादवर्गात भीमरावांनी एक निबंध वाचला. विषय, भारतातील जाती, त्यांची घडण, उगम आणि वाढ. वय पंचवीस. समोर अमेरिकन प्राध्यापक आणि विद्यार्थी. त्यांना जात हा दूरदेशीचा अभ्यासविषय होता. वाचणाऱ्याने ती अंगावर सोसली होती. तरी त्या निबंधात स्वतःच्या दुःखाची कहाणी नाही. जातीचे मूळ शिवाशिवीत किंवा धंद्यात शोधणाऱ्या नामांकित पंडितांचे म्हणणे तो एकेक करून तपासतो आणि जातीचे खरे लक्षण म्हणजे जातीतल्या जातीत लग्न, हे दाखवून देतो. एकदा हे बंधन घातले की नवरा मेलेली बाई आणि बायको मेलेला पुरुष यांचे काय करायचे, हा प्रश्न गटापुढे उभा राहतो. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या चाली त्यातून निघाल्या, अशी त्याची मांडणी आहे. आधी एका वर्गाने स्वतःला कोंडून घेतले आणि मग इतरांनी त्याचे अनुकरण केले, असे तो जातींच्या प्रसाराचे कारण सांगतो. पुढच्या वर्षी हा निबंध भारतात इंडियन अँटिक्वरी या नियतकालिकात छापून आला. मी तो मराठी अनुवादातून वाचला. पहिल्या वाचनात निम्मा कळला, आमच्या सरांपाशी बसून वाचला तेव्हा बराच. बायकांच्या हालांचा आणि जातीच्या भिंतीचा पाया एकच आहे, हे पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने हेरले होते. आमच्या गावात आजही लग्न ठरवताना पहिला प्रश्न कोणता विचारतात, ते मी इथे लिहायला नको.

त्याच उन्हाळ्यात पीएच. डी. च्या प्रबंधाचे काम हातावेगळे करून भीमराव लंडनला गेले. तिथे ग्रेज इन या संस्थेत बॅरिस्टरीसाठी आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी नाव घातले. वर्ष पुरे होते न होते तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली. १९१७ च्या ऑगस्टमध्ये ते मुंबईस उतरले. महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान ज्या बोटीवर होते, ती पाणतीराने बुडाली.

करारनाम्याप्रमाणे ते बडोद्याला हजर झाले. कोलंबियात साठ अभ्यासक्रम पुरे केलेल्या या माणसाला बडोदे शहरात राहायला खोली मिळेना. हिंदू खानावळीत प्रवेश नाही, म्हणून पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. कचेरीत शिपाईसुद्धा त्यांच्या टेबलावर कागद लांबून टाकीत. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या पारशांचा जमाव धर्मशाळेत आला आणि त्यांना बाहेर काढले. ओळखीच्यांनी घर देण्याचे टाळले. त्या दिवशी ते एका बागेत झाडाखाली बसून रडले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला निघून आले. लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये खोली वाटून घेणारा मित्र पारशी, आणि लाठ्या घेऊन आलेलेही पारशीच. या प्रसंगावर काय लिहावे ते मला सुचत नाही.

मुंबईत सिडनहॅम कॉलेजात त्यांना प्राध्यापकाची जागा मिळाली. पगारातून पै-पै बाजूला टाकून १९२० साली ते उरलेले शिक्षण पुरे करण्यासाठी पुन्हा लंडनला गेले. शाहू महाराजांनी मदत केली. कमी पडले ते पाच हजार रुपये नवल भथेनांनी उसने दिले.

कोलंबियाचा एक नियम होता. प्रबंध मान्य झाला तरी तो छापून त्याच्या प्रती विद्यापीठाला सादर केल्याशिवाय पीएच. डी. ची पदवी मिळत नसे. छापायला पैसा कुठला? ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या विकासावरचा तो ग्रंथ लंडनमध्ये १९२५ साली छापून निघाला. त्याला सेलिग्मन यांनी प्रस्तावना लिहिली. दहा-अकरा वर्षांपूर्वीचा विद्यार्थी त्यांच्या ध्यानात होता. पदवी रीतसर मिळाली ती १९२७ साली. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायले तेही त्याच साली.

५ जून १९५२ रोजी कोलंबिया विद्यापीठाने बाबासाहेबांना एलएल. डी. ही सन्माननीय पदवी दिली. ती घेण्यासाठी ते न्यूयॉर्कला गेले तेव्हा वय एकसष्ट होते, प्रकृती थकली होती. जॉन ड्यूईंना भेटण्याची त्यांना फार ओढ होती. ड्यूई तेव्हा ब्याण्णव वर्षांचे होते. चारच दिवस आधी, १ जूनला, ते वारले. सुरतेला गाडी चुकली होती तेव्हा एका दिवसाने उशीर झाला होता. या खेपेला चार दिवसांनी.